शेजारणीचा रंग

त्या मालिकेवर मी चार वर्षं काम केलं, पण तिच्यातलं एक वाक्यही कधी कानांनी ऐकलं नाही. आमच्याकडे यायची ती मुकी चित्रं. स्कूलबस चालवणारा बाप, कायम घाईत असलेली आई, त्यांची तीन पोरं आणि शेजारचं एक जोडपं, एवढा त्यांचा संसार. अमेरिकेत ही कार्टून मालिका कितीतरी वर्षं चालू होती आणि तिकडे मोठी माणसंसुद्धा ती बघून पोट धरून हसतात, असं आम्हांला सांगितलेलं होतं. आम्ही मान डोलावली होती. कुठल्या उच्चाराला कुणाचं तोंड किती उघडतं हे आम्हांला पाठ होतं; ते तोंड काय बोलतं याच्याशी आम्हांला देणंघेणं नव्हतं.

स्टुडिओ यशवंतपूरला होता. स्टुडिओ म्हटल्यावर कुणी फार मोठं काही डोळ्यांपुढे आणू नये. खाली विजेच्या मोटारी वाइंड करायचं वर्कशॉप आणि वरच्या मजल्यावर आमचे दोन हॉल. खालून वार्निशाचा वास यायचा आणि दिवसातून दोनदा करंट जायचा. मालिकेची चित्रं दुसऱ्याच एका देशातल्या मोठ्या कंपनीत तयार व्हायची आणि त्यांना झेपायचं नाही तेवढं काम आमच्याकडे यायचं. सेल म्हणजे पारदर्शक प्लास्टिकचा पातळ कागद. त्याच्यावर मशीननं चित्राच्या रेषा उतरवायच्या, मग सेल उलटा करून मागच्या बाजूनं ब्रशनं रंग भरायचा, वाळवायचा आणि खोक्यात घालून परत पाठवायचा. नव्वदच्या दशकाची मधली वर्षं ती. शहरात जो तो कॉम्प्युटरच्या क्लासला जात होता, आणि आम्ही हातात सुती मोजे घालून बसच्या चाकांत काळा रंग भरत होतो.

माझं काम रंग भरायचं नव्हतं, रंग ठरलेला आहे तसा लावून घ्यायचं होतं. प्रत्येक पात्राची एक कलर शीट परदेशातून यायची. शर्टाला अमुक नंबर, केसांना तमुक नंबर. तिच्यावरून मी प्रत्येक सीनच्या चित्रांवर नंबर टाकायचो आणि बारा बायका त्या त्या नंबरच्या बाटलीतला रंग भरायच्या. शीटपेक्षा वेगळं काही करायचं असेल तर ते कागदावर लिहून खाली सही करायची, असा स्टुडिओच्या मालकांचा नियम होता. मालकांना आम्ही सर म्हणायचो. ते कन्नड बोलत, कमी बोलत, आणि नियमाचे पक्के होते.

मी त्या टेबलावर स्वतःला फार मोठा समजत होतो, हेही सांगून टाकतो. एकदा बसच्या दाराचा रंग दोन सीनमध्ये वेगळा दाखवलेला मी पकडला होता. चूक त्यांच्या शीटमध्ये होती. परदेशातून आभाराचा फॅक्स आला. सरांनी तो फलकावर टाचणीनं लावला, आणि मी रोज पाणी प्यायला जाताना त्याच्यासमोरून जायचो. पाण्याचं पिंप दुसऱ्या बाजूला होतं, तरी.

मग माझा थोरला भाऊ गेला. काविळीनं, बारा दिवसांत. घरात राहिलो आम्ही तिघं, आमची आई, वहिनी आणि मी. आईला आम्ही अम्मा म्हणायचो. आमचं घराणं कधीकाळी फौजेबरोबर इकडे आलं आणि इथलंच झालं. आमच्या मराठीत निम्मी कन्नड शिरलेली, आणि राजाजीनगरच्या गल्लीत आम्हांला मराठे म्हणून ओळखत असले तरी महाराष्ट्र आम्ही कॅलेंडरवर बघितलेला. वहिनी बेळगावकडच्या. सात वर्षांपूर्वी लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांच्या बोलण्याला आम्ही हसायचो आणि आमच्या बोलण्याला त्या. भाऊ गेला तेव्हा त्या एकतीस वर्षांच्या होत्या. मूलबाळ नव्हतं.

आमचं घर सुधारलेलं, असं आम्ही स्वतःच म्हणायचो. कुणी वहिनींना टोचून बोललं नाही, कोपऱ्यात बसवलं नाही. फक्त तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी अम्मानं त्यांच्या साड्या एका ट्रंकेत भरल्या, राखी आणि फिकट अशा चार बाहेर ठेवल्या, आणि ट्रंक माळ्यावर चढवायला मला हाक मारली, कारण घरात उंच मीच राहिलो होतो. मी स्टूल घेतलं आणि चढवली. वहिनी तेव्हा न्हाणीघरात होत्या. बाहेर आल्यावर त्यांनी कपाट उघडलं, चार साड्यांकडे बघितलं आणि एक उचलली. अम्माही वडील गेल्यापासून तशाच साड्यांत होती. त्यामुळे त्यात काही वेगळं घडलं असं मला वाटलं नाही. वाईट वाटलं ते भावाचं.

त्याच वर्षाच्या शेवटी सरांनी सांगितलं की मालिकेचा नवा सीझन येतोय आणि या वेळी काम दुप्पट आहे. सीझन म्हटलं की आमच्या घरात अवरेकाळूचा, म्हणजे पावट्याचा. थंडीत त्या शेंगांचे ढीग रस्त्यावर दिसू लागले की सीझन आला. स्टुडिओत मात्र त्या शब्दानं धावपळ सुरू झाली. आणखी चार बायका हव्या होत्या, हात स्थिर असलेल्या. मी घरी येऊन सहज बोललो. वहिनी भाकरी थापत होत्या. त्या म्हणाल्या, "मी येऊन बघू काय?"

वहिनींचा हात मला माहीत होता. त्यांच्या रांगोळीची रेघ कधी हलली नव्हती. सरांनी चाचणीसाठी एक सेल दिला, आणि रेषेच्या आत इतका सारखा रंग भरून त्यांनी तो परत केला की सर तो खिडकीपाशी नेऊन उजेडात बघत राहिले. तरी त्यांनी पक्कं केलं नाही. हा सीझन करून बघा, काम बरोबर झालं तर पुढे राहा, असं म्हणाले.

घरी अम्मानं विचार करायला दोन दिवस घेतले. वहिनींच्या भावाचं पत्र आलेलं होतं. संक्रांतीनंतर येऊन बहिणीला गावी घेऊन जातो, असं त्यात होतं. त्याच्या घरी म्हातारे आईवडील होते, चार म्हशी होत्या आणि बायको आजारी असायची. बहीण तिथे कशासाठी हवी होती हे सगळ्यांना कळत होतं. अम्माही त्याला नाही म्हणायला तयार नव्हती, कारण माहेरच्यांनी न्यायचं म्हटल्यावर सासरच्यांनी अडवून ठेवणं तिला बरं दिसत नव्हतं. शेवटी ती म्हणाली, "सरी, बरं तर, जाऊ दे तिला. तुझ्याबरोबर जाईल, तुझ्याबरोबर येईल. काम टिकलं तर मी त्यांना तसं लिहिते. नाही टिकलं तर तिचा भाऊ येतोयच."

बसमध्ये वहिनी मला म्हणाल्या, "तिकडं गेले की संपलं, भावजी. माझा भाऊ वाईट नाही. पण तिथं मला कुणी घराबाहेर बघणार नाही परत." त्यांनी हे खिडकीबाहेर बघत, भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. मी म्हटलं, काम बरोबर होईल, मी आहे ना तिथे.

वहिनींना ते काम आवडलं. संध्याकाळी नखांच्या कडेला निळा नाहीतर नारिंगी रंग राहायचा आणि त्या न्हाणीघरात दगडानं घासून काढायच्या, पण सगळा काढायच्या नाहीत असा मला संशय आहे. दुपारी डबा खाताना बाकीच्या बायका त्यांच्या कन्नडला नावं ठेवायच्या, कारण बेळगावची कन्नड वेगळी. त्या त्यांना उलट ऐकवायच्या. आमच्या घरात भाऊ गेल्यापासून मी त्यांचं मोठ्यानं बोलणं ऐकलं नव्हतं. इथे ते माझ्या टेबलापर्यंत यायचं.

आता त्या शेजारच्या जोडप्याकडे येतो. मालिकेत इतकी वर्षं गेली तरी कुणाचं वय एका दिवसानं वाढलेलं नव्हतं. धाकटं पोर अजून धाकटंच होतं. पण शेजारच्या नवऱ्याचा आवाज काढणारा माणूस खरोखरच वारला होता. त्याच्या जागी दुसरा आवाज नको असं तिकडच्यांनी ठरवलं आणि नव्या सीझनमध्ये त्या नवऱ्यालाच मारलं. सरांनी हे आम्हांला सांगितलं तेव्हा रंगाच्या हॉलमध्ये बायकांनी ब्रश खाली ठेवले. गाडीखाली आडवा पडून काहीतरी खुडबुड करणारा तो जाड्या आमच्या सगळ्यांच्या हाताखालून गेला होता. एक बाई "पापा" म्हणाली, म्हणजे बिचारा.

त्याची बायको, म्हणजे आमची शेजारीण, हिरवा झगा घालायची. गळ्यात मोठ्या लाल मण्यांची माळ, कानांत पिवळ्या रिंगा, ओठ लालभडक. नव्या सीझनच्या पहिल्याच लॉटमध्ये तिचा एक मोठा सीन होता. ती दार उघडून बसवाल्याच्या स्वयंपाकघरात येते, खुर्चीत बसते, काहीतरी सांगते आणि तोंड उघडून हसते. दीडशेच्या वर चित्रं. सोबत कलर शीट आली ती जुनीच. झगा हिरवा, मणी लाल, रिंगा पिवळ्या, ओठ लाल.

मी ती शीट बघितली आणि मला वाटलं, विसरले. नवरा मेलेला आणि यांनी जुनीच शीट पाठवली. बसच्या दारासारखंच. तिच्या हसण्याचं मला कोडं पडलं, पण हसणं माझ्या खात्यात नव्हतं; रंग माझ्या खात्यात होता. सरांना विचारायला हवं होतं. सर दोन दिवस बाहेरगावी होते आणि लॉट आठवड्याच्या शेवटी जायचा होता. शिवाय खरं सांगायचं तर मला विचारायचंच नव्हतं. मला पुन्हा एकदा फॅक्स फलकावर लागलेला बघायचा होता.

तो सीन वहिनींच्या टेबलावर होता. मी जाऊन सांगितलं, झग्याला हिरवा नको, राखाडी लावा. ओठांना कातडीचा रंग. माळ आणि रिंगा नकोत. त्यांनी शीट पुढे धरली.

"शीटवर मणी तांबडे हाईत की, भावजी."

"नवरा गेला ना तिचा," मी म्हणालो.

वहिनींनी ब्रश पाण्यात बुडवला, ढवळला, बराच वेळ ढवळला. मग "बरं" म्हणाल्या. मी त्यांना लिहून दिलं नाही. दुसऱ्या कुणाला दिलं असतं. घरच्या माणसाला काय सही करून द्यायची, असं मनात आलं असेल. तेवढंही आलं नसेल. मण्यांच्या आणि रिंगांच्या रेषा सेलवर उतरलेल्या होत्या, त्या मी स्वतः ब्लेडनं खरवडल्या. दोन दिवस लागले. रेष खरवडताना खालच्या सेलला चरा पडू नये म्हणून श्वास धरावा लागतो. मी एकाही सेलला चरा पडू दिला नाही. वहिनींनी त्या राखाडी रंगात एक ठिपका बाहेर जाऊ दिला नाही. खोकं बंद करताना मला वाटलं, असं सुबक काम या स्टुडिओतून आजवर गेलं नसेल.

फॅक्स दुसऱ्या आठवड्यात गुरुवारी आला. सरांनी तो हातात धरून रंगाच्या हॉलमध्ये सगळ्यांना उभं केलं. शेजारणीला काय झालंय, ती आजारी दिसतेय, माळ कुठे गेली, असं तिकडच्यांनी विचारलं होतं, आणि सगळा सीन सोमवारपर्यंत पुन्हा करून मागितला होता. प्रत्येक सेलच्या कोपऱ्यात रंगवणाऱ्या बाईचा नंबर असतो. सरांनी परत आलेला एक सेल उजेडात धरला आणि नंबर वाचला. वहिनी पुढे झाल्या.

सरांनी विचारलं, शीट होती ना? होती. शीटवर लाल होतं? होतं. कुणी लिहून दिलं होतं का बदलायला? नाही. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. टेबल माझं होतं, म्हणून बघितलं असावं. मी सेलकडे बघत होतो. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं, कन्नडमध्ये, पाच-सहा शब्दांचं. ते मी आजही जसंच्या तसं सांगू शकतो.

"आणि या रेषा कुणी खरवडल्या?" सरांनी विचारलं.

"मीच, सर. चूक झाली," वहिनी म्हणाल्या.

सरांनी आवाज चढवला नाही. सीन पुन्हा रंगवून द्या आणि सोमवारपासून येऊ नका, एवढंच म्हणाले. सगळ्या बायका आपापल्या जागी गेल्या. मीही गेलो. एका मिनिटात सगळं झालं होतं. सरांना एकट्याला गाठून सांगू, चारचौघांत नको, असं मी स्वतःला समजावलं. संध्याकाळी ते फोनवर होते. शुक्रवारी ते बँकेत गेले. शनिवारी ते त्यांच्या खोलीत एकटेच बसलेले होते, दार उघडं होतं, आणि मी दोनदा त्या दारावरून पुढे गेलो.

ते अडीच दिवस वहिनी मान खाली घालून रंगवत होत्या. माझ्या टेबलापासून आठ-दहा फुटांवर. नव्या सेलवर आधी हिरवा भरला, वाळवला, मग लाल. प्रत्येक सेलवर माळेचे अकरा मणी. एकेक मणी भरताना त्या ब्रशची अणी ओठांना लावून नीट करायच्या, तसं करू नका म्हणून मी त्यांना पूर्वी रागावलो होतो. या वेळी काही बोललो नाही. ती बाई हसत होती, सेलमागून सेल हसत होती, आणि वहिनी तिचे ओठ लाल करत होत्या. मला खरवडलेल्या रेषा आठवत होत्या. ब्लेडनं प्लास्टिकवर होतो तो बारीक आवाजही. काही महिन्यांपूर्वी ट्रंक उचलताना माझ्या मनात काही आलं नव्हतं, ते त्या दिवसांत यायला लागलं. आपल्या घरातल्या बाईचा रंग आपण असाच उचलून माळ्यावर ठेवला, आणि तेही काम नीट केल्याच्या समाधानात. लाज वाटली. लाज वाटली तरी उठून त्या उघड्या दारातून आत गेलो नाही, हेही खरं.

बसमध्ये त्या नेहमीसारख्याच बोलायच्या. मला त्यात माया दिसत होती. धाकट्या दिराची नोकरी जाऊ नये म्हणून या बाईनं स्वतःवर घेतलं, असं मी मनाशी धरून बसलो होतो, आणि त्या विचारानं मला भरून यायचं. शनिवारी उतरताना त्यांनी एवढंच विचारलं, "आत्यांना तुम्ही सांगताय, का मी सांगू?" सासूला त्या आत्या म्हणायच्या. मी म्हटलं, मी सांगतो.

रविवारी सकाळी अम्मा स्वयंपाकघरात भिजवलेले अवरेकाळू सोलत बसली होती. चिमटीत दाबलं की दाणा सालीतून सुटतो. मी समोर बसलो आणि सांगितलं. वहिनींचं काम गेलं इथपासून सुरुवात केली, मग सगळंच सांगितलं. शीट, राखाडी रंग, ब्लेड, सरांसमोर गप्प बसलो ते. अम्माचे हात चालूच होते.

"कार्टूनातल्या बाईला केलंस हे?" तिनं विचारलं.

"हो."

"कुणी सांगितलं होतं तुला?"

"कुणीच नाही. नवरा गेला म्हणून केलं."

अम्मानं बोटांना चिकटलेल्या साली भांड्याच्या कडेला पुसल्या. मग म्हणाली, "मी तरी कुठं विचारलं हिला. मला कुणी विचारलं नव्हतं. म्हणून मलाही विचारायचं सुचलं नाही." तिचा आवाज बदलला नव्हता, पण तिनं पुढचा दाणा उचलला नाही. मग तिनं वहिनींना हाक मारली.

वहिनी मागच्या दारी कपडे पिळत होत्या. त्या ओले हात पदराला पुसत आल्या आणि दारात उभ्या राहिल्या.

"अगं, ते माळ्यावरचं सामान," अम्मा म्हणाली, "ते काढून देऊ का तुला? स्वल्प उशीर झाला मला. तुला काय वाटतं ते सांग."

मला बरं वाटलं. छातीवरचं ओझं उतरलं, असंच वाटलं. आईसमोर कबूल केलं होतं, आई बदलली होती, आता वहिनींच्या अंगावर चांगली साडी दिसेल आणि सगळं मार्गी लागेल, इथपर्यंत माझं मन पोचलंसुद्धा होतं.

"साड्यांचं बघू की, आत्या, मागनं," वहिनी म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "घरात सांगून काय व्हायलंय, भावजी? तिथं सांगा की."

एवढं बोलून त्या कपडे वाळत घालायला गेल्या.

सोमवारी त्या माझ्याबरोबर आल्या. स्टुडिओचे ब्रश आणि मोजे त्यांच्या पिशवीत होते, ते परत द्यायचे होते. सर रंगाच्या हॉलमध्येच उभे होते, नव्या सेलचं खोकं तपासत. मी थांबलो नाही, कारण थांबलो असतो तर पुन्हा शनिवारसारखा पुढे निघून गेलो असतो. सगळ्यांसमोर सांगितलं. राखाडी लावायला मी सांगितलं, तोंडी सांगितलं, रेषा मी खरवडल्या, आणि गुरुवारी मी इथेच उभा होतो. पाच-सहा शब्दांचं वाक्य चार दिवसांत बरंच लांबलं होतं.

सरांनी खोक्याचं झाकण लावलं. मग त्यांनी विचारलं, "का केलंस?"

"तिचा नवरा मेला म्हणून," मी म्हणालो. कन्नडमध्ये ते आणखीच उघडं वाटलं. हॉलमधल्या बायकांपैकी कुणीही मान वर केली नाही. त्यांच्यातल्या तिघीजणींचे नवरे नव्हते, हे मला तेव्हा प्रथमच जाणवलं.

सरांनी मला टेबलावरून उठवलं. रेषा उतरवायच्या मशीनवर जा म्हणाले, आणि पुढचं वर्षभर मी तिथेच होतो. त्याचं मला फार काही वाटलं नाही. मी वहिनींकडे बघत होतो. त्या हातात ब्रश घेऊन उभ्या होत्या, आणि आता तरी त्या माझ्याकडे बघतील, असं मला वाटत होतं.

सर त्यांच्याकडे वळले. "तुमची चूक नव्हती, तर गुरुवारी तुम्ही बोलला का नाहीत? त्याला का वाचवलंत?"

वहिनींनी त्यांच्या बेळगावच्या कन्नडमध्ये, डबा खाताना बोलायच्या तसं सरळ उत्तर दिलं.

"वाचवायचं काय, सर. हे बोलले नाहीत. आणि मला संध्याकाळी ह्यांच्याच घरी परत जायचं होतं."

सरांनी त्यांना जागेवर बसायला सांगितलं. त्यांनी पिशवीतून मोजे काढले, हातांत घातले आणि पाण्याची वाटी भरून आणायला गेल्या.